आधी जन्मदाखला, मग रॅकेट

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत ज्यांनी आपल्या पोराच्या नाहीतर पोरीच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दिली आहे, त्या सगळ्या आई-वडिलांशी मला बोलायचं आहे. मुलं टीव्हीवर सिंधू, लक्ष्य, सात्त्विक-चिराग यांचे सामने बघतात आणि विचारतात, ‘ऑलिंपिकला जायला काय करावं लागतं?’ घरात ठरलेलं उत्तर मिळतं, ‘ओळखी लागतात बाबा, आपल्यासारख्यांचं ते काम नाही.’ हे उत्तर खोटं आहे. ते ऐकून किती मुलांनी रॅकेट खुंटीला टांगली असेल कोण जाणे. म्हणून ही वाट खरोखर कशी आहे, ते एकदा नीट समजून घ्या.

बॅडमिंटनमध्ये ऑलिंपिकसाठी कुणी खोलीत बसून नावं ठरवत नाही आणि एका दिवसाची निवड चाचणीही होत नाही. धावण्याच्या शर्यतीशी तुलना करून बघा. आपल्या मराठवाड्यातला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याच्या 3000 मीटर स्टीपलचेससाठी पॅरिस ऑलिंपिकची पात्रता वेळ 8 मिनिटं 15 सेकंद होती. ठरलेल्या काळात, मान्य स्पर्धेत तेवढी वेळ नोंदवली की खेळाडू पात्र. बॅडमिंटनला असं घड्याळ नाही. इथे जवळजवळ वर्षभर जगभरच्या स्पर्धांत खेळून गुण जमवावे लागतात. पॅरिससाठी हा काळ 1 मे 2023 ते 28 एप्रिल 2024 होता. त्या काळातल्या खेळाडूच्या सगळ्यांत चांगल्या 10 स्पर्धांचे गुण धरले गेले, त्यांची क्रमवारी लागली आणि त्या यादीत वरून खाली जागा भरल्या गेल्या.

त्यात एक अट फार कडक आहे. एकेरीत एका देशाचे दोन खेळाडू तेव्हाच जाऊ शकतात, जेव्हा दोघंही पहिल्या 16 मध्ये असतात. नाहीतर एकच. दुहेरीत दोन जोड्या हव्या असतील तर दोन्ही पहिल्या 8 मध्ये हव्यात. म्हणून पॅरिसला पुरुष एकेरीत प्रणॉय आणि लक्ष्य सेन दोघं गेले, महिला एकेरीत मात्र एकटी सिंधू. महिला दुहेरीत ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद ही चांगली जोडी घरी राहिली, कारण अश्विनी पोनप्पा आणि मूळची गोव्याची तनिषा क्रास्टो यांची जोडी क्रमवारीत पुढे होती आणि जागा एकच होती. एप्रिल 2018 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर असलेला किदांबी श्रीकांत टोकियोलाही जाऊ शकला नाही आणि पॅरिसलाही. लंडनचं कांस्यपदक नावावर असलेली सायना नेहवाल टोकियोला मुकली, कारण 2021 मध्ये कोविडमुळे शेवटच्या स्पर्धाच रद्द झाल्या आणि गुण मिळवायची संधी उरली नाही. एवढ्या मोठ्या नावांनाही यादीने सवलत दिली नाही. यादीला आडनाव कळत नाही, गाव कळत नाही. हिंगोलीच्या मुलासाठी ही सगळ्यांत आशेची गोष्ट आहे असं मी मानतो.

आता गुणांचा हिशोब बघा. वरच्या दर्जाची, सुपर 1000 स्पर्धा जिंकली तर 12,000 गुण. सुपर 300 जिंकली तर 7,000. त्याखाली इंटरनॅशनल चॅलेंजला 4,000, इंटरनॅशनल सिरीजला 2,500 आणि अगदी तळाच्या फ्युचर सिरीजला 1,700. सुपर 1000 च्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूलाही 3,000 गुण मिळतात, म्हणजे सिरीज जिंकणाऱ्यापेक्षा जास्त. पण त्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश क्रमवारीवरच मिळतो. म्हणून तळापासून सुरुवात करायची, छोट्या स्पर्धांत दूरवर पोचायचं, त्या गुणांवर जरा मोठ्या स्पर्धेत शिरायचं. शिवाय गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात, त्यामुळे थांबता येत नाही. या चढणीला वर्षं लागतात आणि पैसेही लागतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. या कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूचं नाव फक्त देशाची संघटना, म्हणजे भारतीय बॅडमिंटन संघटना पाठवते. आई-वडील नाव पाठवू शकत नाहीत, अकादमी पाठवू शकत नाही, कुणी ‘सर’ पाठवू शकत नाहीत.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो. सोयाबीनचे, हळदीचे पैसे हातात आले की गावोगाव फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलाला नेपाळला नाहीतर थायलंडला ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धे’ला नेतो म्हणतात. प्रवास, प्रवेश फी, किट, राहणं असं मिळून एका घराची वर्षाची शिल्लक जाते. तिकडे कुठल्याशा हॉलमध्ये दोन-तीन सामने होतात, पोराच्या गळ्यात सुवर्णपदक पडतं, गावात ढोल-ताशा लावून मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतो. त्या पदकाला जागतिक क्रमवारीत एक गुणही नसतो. नोकरीच्या वेळी ते प्रमाणपत्र पडताळणीला जातं तेव्हा आणखी मोठा धक्का बसतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर मिळालेल्या सरकारी नोकऱ्या आपल्या राज्यात चौकशीत गेलेल्या आहेत. तो मुलगा दोषी नसतो. त्याला कुणी खरं सांगितलेलं नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या वेळापत्रकात प्रत्येक मान्य स्पर्धेचं नाव असतं आणि ते मोबाईलवर कुणालाही बघता येतं. स्पर्धा तिथे नसेल तर पैसे देऊ नका. आपल्या पोराचं नाव भारतीय संघटनेने पाठवलं आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. समोरचा माणूस विषय बदलायला लागला तर उठून या.

खरी वाट घरापासून सुरू होते आणि तिचं पहिलं पाऊल जन्मदाखला हे आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अंदाजाने जून महिन्यातली तारीख लिहायची जुनी सवय. ग्रामपंचायतीच्या नोंदीत एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आधारवर तिसरी. बॅडमिंटनची सगळी रचना वयोगटांवर उभी आहे. संघटनेच्या स्पर्धा 13, 15, 17 आणि 19 वर्षांखालील, शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील. कागद जुळत नसतील तर चांगला खेळणारा मुलगा ऐनवेळी बाद होतो. मूल सात-आठ वर्षांचं असतानाच या तारखा एक करून घ्या. आणि कुणी ‘वय दोन वर्षं कमी दाखवू, पदकं मिळतील’ असं सुचवलं तर त्या माणसाच्या सावलीलाही उभे राहू नका. लहान मुलांना हरवून मिळालेल्या पदकांचा पुढे काही उपयोग होत नाही, आणि पकडलं गेलं तर खेळणंच बंद होतं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि पालक त्यांची गल्लत करतात. एक शाळेची. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत पावसाळ्याच्या दिवसांत शालेय स्पर्धा होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. इथल्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळू शकतात. ही वाट चांगली आहे, मुलाने तिच्यावर जरूर चालावं. पण फक्त शालेय स्पर्धा खेळून देशाच्या क्रमवारीत नाव येत नाही. त्यासाठी दुसरी वाट, संघटनेची. भारतीय बॅडमिंटन संघटनेकडे खेळाडूची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. मग राज्य संघटनेच्या स्पर्धा, त्यानंतर राष्ट्रीय मानांकन स्पर्धा. तिथे वर आलेल्यांनाच पुढे देशाबाहेर खेळायचा मार्ग मोकळा होतो. एका शाळेत जिल्हा पातळीवर तीन वर्षं ओळीने जिंकलेल्या मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, ‘हिचं नाव यादीत का नाही?’ तिची नोंदणीच कुणी केली नव्हती. तोवर तिचा 15 वर्षांखालचा गट संपत आला होता.

क्रीडा शिक्षकांनाही एक विनंती आहे. तुमच्यावर किती कामं लादलेली असतात हे मला माहीत आहे. पण प्रवेशिका भरण्याची शेवटची तारीख पालकांना आठवडाभर आधी कळवा. ती एकदा चुकली की मुलाचं पूर्ण वर्ष जातं.

आता खेळाबद्दल थोडं. आपली बहुतेक मुलं गच्चीवर, अंगणात, शाळेच्या मैदानावर प्लास्टिकच्या शटलने खेळतात. सुरुवातीला ते ठीक आहे, हात बसतो, डोळा बसतो. पण स्पर्धेत शटल पिसांचं असतं. त्याला 16 पिसं असतात आणि वजन 4.74 ते 5.50 ग्रॅमच्या मध्ये. ते रॅकेटवरून सुटताना प्लास्टिकपेक्षा वेगाने निघतं आणि पुढे एकदम मंदावून वरून जवळजवळ सरळ खाली पडतं. प्लास्टिकची सवय झालेला मुलगा पहिल्या सामन्यात प्रत्येक वेळी क्षणभर चुकीच्या जागी उभा असतो. त्याची तयारी कमी पडली असं सगळ्यांना वाटतं. खरं तर त्याने तो खेळ पहिल्यांदाच पाहिलेला असतो. चांगल्या पिसांच्या शटलचा डबा आता हजारांत जातो, रोज परवडणार नाही. चार-पाच घरांनी मिळून घ्या आणि आठवड्यातले दोन दिवस तरी पिसांनी खेळू द्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसं ठिसूळ होऊन फटाफट तुटतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढून त्यातून किटलीची वाफ थोडा वेळ जाऊ द्यायची, मग झाकणं लावून डबा उभा ठेवायचा. शटल जास्त टिकतं. डब्यावर 76, 77, 78 असे आकडे असतात, तो शटलचा वेग. गरम हवेत शटल लांब जातं, म्हणून एप्रिल-मे महिन्यात 76 घ्या.

हॉलचा प्रश्न मोठा आहे. कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद, वर छत उंच हवं आणि वारा नको. जिल्ह्यात असे हॉल मोजकेच आहेत आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिथे मोठी माणसं व्यायामाला खेळतात. त्यांनी खेळावंच, पण शाळा सुटल्यावरचे दोन तास मुलांसाठी राखून ठेवा, त्यातला एक मुलींसाठी. मुलगी रात्री नऊनंतर घरी येणार असेल तर बारा वर्षांची झाली की तिचं खेळणं बंद होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि वेळ बदलणं आपल्या हातात आहे. हॉल चालवणाऱ्या मंडळींना, अधिकाऱ्यांना, डॉक्टर-वकील मित्रांना मी हात जोडून सांगतो, तुमची संध्याकाळची वेळ थोडी पुढे ढकला.

‘पुण्याला पाठवू का, हैदराबादला पाठवू का?’ असं पालक विचारतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घाईने पाठवू नका. आधी राज्य पातळीवर तो कुठे उभा आहे ते दोन हंगाम बघा. नागपूरची मालविका बनसोड डोळ्यांसमोर ठेवा. तिचे आई-वडील दंतवैद्य. तिने अभियांत्रिकीचं शिक्षणही पूर्ण केलं आणि जानेवारी 2022 मध्ये इंडिया ओपनमध्ये सायनाला सरळ दोन गेममध्ये हरवलं. 2024 मध्ये, पॅरिसनंतर, जर्मनीतल्या हायलो ओपनची अंतिम फेरीही गाठली. त्याआधी पॅरिसला मात्र ती नव्हती, कारण पहिल्या 16 ची अट. एवढं खेळूनही जागा मिळेलच असं नाही. म्हणून शाळा सोडायला लावू नका. शेत विकून, कर्ज काढून तर मुळीच नाही. बाप कर्जात आहे हे ज्या मुलाला माहीत असतं, त्याचा हात निर्णायक गुणाला आखडतो.

अजून एक दार आहे, ज्याच्याकडे आपण बघतच नाही. टोकियोपासून पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटन आलं. सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळचा सुकांत कदम पॅरिसला एकेरीत चौथा आला. मुंबईच्या मानसी जोशीने 2011 च्या अपघातात पाय गमावला आणि 2019 मध्ये ती जगज्जेती झाली. टोकियोत तिच्या गटाची एकेरी ठेवलीच नव्हती, म्हणून तिला एकेरीसाठी पॅरिसपर्यंत थांबावं लागलं. पॅरालिंपिकमध्येही जागा क्रमवारीवरच मिळतात, पण खेळाडूंची गर्दी कमी असते आणि वयाने थोडं उशिरा सुरू केलेल्यालाही संधी असते. व्हीलचेअरचे दोन गट, पायाच्या अपंगत्वाचे दोन, हाताचा एक आणि कमी उंचीच्यांचा एक, अशी विभागणी आहे. कोण कुठल्या गटात हे खेळाचे वर्गीकरण तज्ज्ञ तपासून ठरवतात. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड ही त्याच्या आधीची तयारी आहे, ते कार्ड म्हणजे वर्गीकरण नव्हे.

सेनगावच्या किंवा औंढ्याच्या एखाद्या शाळेत पायाला अधू असलेला मुलगा खेळाच्या तासाला बाकी मुलांच्या चपला राखत बसलेला दिसला, तर गुरुजी, त्याला उठवा आणि नेटच्या एका बाजूला उभं करा. त्याच्या आईला कार्डाबद्दल सांगा. येत्या हंगामाच्या शालेय प्रवेशिका आणि पॅरा स्पर्धांची माहिती, दोन्हींची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात एकाच फेरीत करून या. जाताना जन्मदाखल्याच्या दोन प्रती सोबत ठेवा.