सब्र कुणाचा, सोय कुणाची?

अम्मीला माती देऊन आम्ही घरी परतलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या बुजुर्गांनी आमच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले, 'मोठी सब्रवाली बाई होती.' आम्ही मान हलवली. आर्वीसारख्या गावात अशा वेळी दुसरे काही बोलण्याची रीत नाही. पण ही सब्रवाली बाई दीड वर्ष, रात्री दोन-दोन वाजता, उशीचा कोपरा दातात धरून कशी पडून राहत होती ते आम्ही पाहिले आहे. म्हणून आज रीत मोडून बोलतो. तिच्या ज्या गप्प राहण्याला आपण सब्र म्हणालो, ती बऱ्याच अंशी आपली सोय होती. आमची, आमच्या घराची, मोहल्ल्याची आणि जमातीचीही.

गाठ छातीत होती. अम्मीने ती जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितली नाही, पोटच्या लेकीलाही नाही. पुरुष डॉक्टरला दाखवायचे कसे ही एक शरम, आणि मुलांना खर्चात कशाला घालायचे हा दुसरा विचार. जुम्म्याच्या बयानात पर्द्यावर आजवर किती तास खर्ची पडले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण इलाजाची गरज असेल तर बाईने डॉक्टरपुढे, मग तो पुरुष का असेना, आजार उघडा करणे जायज आहे, हे एवढेसे वाक्य आमच्या अम्मीच्या कानावर कधी पडले नव्हते. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. आमच्या घरी तो सापडला तेव्हा हाडांत पोहोचला होता.

दम केलेले पाणी आले, तावीज आले. त्याला आम्ही आजही नावे ठेवणार नाही. शेजारच्या खालाजान रोज असरनंतर येऊन अम्मीच्या कपाळावर हात ठेवून दुवा पढत, तेव्हा तिचा चेहरा खरोखर निवांत होत असे. आमची तक्रार दुवेबद्दल नाही. तक्रार आहे ती चाळीस दिवस सुई लावू नका म्हणणाऱ्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्याचे ऐकणाऱ्या आमच्याबद्दल. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आम्ही मदरशात पाठ केली होती. ते चाळीस दिवस आमचा उंट मोकळाच होता.

मग नागपूर. रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी आम्ही तिघे भाऊ आणि बहीण, दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून एकमताने ठरवले की अम्मीला सांगायचे नाही. तिला सांगितले, हाडांना सूज आहे. ज्या घरात भावाभावांचे कुंपणावरून एकमत होत नव्हते, त्या घरात या खोट्यावर मात्र लगेच झाले! फाईल गादीखाली लपवली. पण कॅन्सरच्या दवाखान्यात शिरणाऱ्या बाईला पाटी वाचता आली नाही तरी बाकावर बसलेल्यांची केस गेलेली डोकी दिसतात. तिला सारे कळले होते. तिला कळले आहे हे आम्हाला कळले होते. तरी दोन्हीकडून नाटक चालू राहिले.

या नाटकाला आपल्यात प्रेम म्हणतात. आम्ही विचारतो, दीनच्या कसोटीवर हे प्रेम उतरते का? मरणाऱ्याचे कर्ज आधी फेडायचे, मग वसीयत पाहायची, ती एक तृतीयांशाच्या वर नाही, आणि त्यानंतर वाटे करायचे, इतका बारीक हिशोब आपल्या शरीयतने घालून दिला आहे. कर्ज सांगायला, वसीयत करायला, कुणाचे मन दुखावले असेल त्याच्याकडून माफी घ्यायला माणसाला आपली वेळ जवळ आल्याचे ठाऊक नको का? जाण्याच्या अकरा दिवस आधी अम्मीनेच आमच्या बहिणीला जवळ बोलावले आणि म्हणाली, 'बेटा, अब छुपाओ मत, मुझे काम है.' काम काय होते? बोहारणीचे तीनशे रुपये द्यायचे राहिले होते. धाकट्या जावेशी सोळा वर्षांचा अबोला होता. कानातले नातीला द्यायचे होते. अकरा दिवसांत जेवढे झाले तेवढे झाले. जाऊबाई अमरावतीहून पोहोचल्या तेव्हा अम्मीची जबान बंद झाली होती.

आता दुखण्याविषयी. दुःखाने गुनाह झडतात हे आम्हीही मानतो, पायात काटा रुतला तरी. पण ज्याचे दुखते त्याने स्वतःच्या मनाशी धरायची ही तसल्ली आहे, दुसऱ्याने खाटेजवळ खुर्ची टाकून ऐकवायची नव्हे. अम्मीला डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. अफूची गोळी, म्हणजे नशा, म्हणजे हराम. शेवटच्या घडीला कलमा कसा पढणार? तीन आठवडे ती गोळी कपाटात पडून राहिली. लाचारीत हराम वस्तूचीही सूट खुद्द कुराणशरीफात आहे, आणि इथे तर ती नशेसाठी नव्हे, दवा म्हणून होती. मौलानांना विचारले तेव्हा त्यांनी एका मिनिटात जायज सांगितले. आधी विचारायचे सुचले नाही, कारण आम्हाला उत्तर माहीत आहे असे वाटत होते. योग्य मापाने, ठरल्या वेळी गोळी सुरू झाली. पहिले दोन दिवस झापड आली, बद्धकोष्ठ झाले, त्याचेही औषध मिळाले. आणि मग अम्मीने कित्येक महिन्यांनी पडल्या पडल्या, इशाऱ्याने का होईना, पाचही वक्तांची नमाज पढली. दुखण्याने जी नमाज हिरावून घेतली होती ती त्या 'हराम' गोळीने परत दिली.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि भारतातून ती औषधांसाठी परदेशी जाते. इथल्या माणसाला मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे वर्षानुवर्षे मॉर्फिन मिळणे मुश्किल होते. २०१४ साली कायदा सुधारून वाट सोपी केली. कायदा बदलला, घरातले मुफ्ती बदलले नाहीत.

आणि सेवा? आई के कदमों तले जन्नत आहे हे आम्ही मुलांनी सगळ्यांना ऐकवले. ते कदम धुतले, पुसले, त्यांवरची सूज रोज बोटाने दाबून पाहिली ती आमच्या वहिनीने. आईबापांच्या सेवेची जबाबदारी औलादीवर आहे, सुनेवर नाही, असे आपले फिकह सांगते. सुनेने केले तर तो तिचा एहसान. चाळीसाव्याला देगी चढल्या तेव्हाही वहिनी चुलीजवळच होती, आणि त्या दिवशी 'मुलांनी आईची काय खिदमत केली!' असे जो तो म्हणत होता. आम्ही ते ऐकून घेतले. एकानेही दुरुस्त केले नाही.

त्या देगींचा खर्च आम्ही मुद्दाम काढून पाहिला. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी बंद झाल्यापासून वर्धा-नागपूरला जायचे तर एसटी नाहीतर भाड्याची गाडी. हाडांत रोग गेलेल्या बाईला एसटीत बसवता येत नाही. एका चाळीसाव्याच्या जेवणात तिच्या इलाजाच्या बहुतेक सगळ्या फेऱ्या निघाल्या असत्या. इलाजासाठी बिरादरीकडे हात पसरायला आम्हाला लाज वाटली, जेवण घालायला वाटली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा इलाज बसतो. पण राशनकार्डावर अम्मी 'बी' होती आणि आधारवर 'बेगम'. एवढ्यावरून दोन महिने गेले. मोहल्ल्यात शिकलेली पोरे कमी आहेत का? एकाने रविवारी बसून दहा घरांची कागदपत्रे तपासली असती तर?

कुराणशरीफात जकातचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला आहे. इलाजापायी कर्जात बुडालेली घरे आमच्याच गल्लीत आहेत. रमजानमध्ये दूरदूरच्या पावत्या फाडल्या जातात, त्या घरांच्या दारापर्यंत कुणी जात नाही. मदरशांना देऊ नका असे आमचे म्हणणे नाही. शेजाऱ्यालाही मोजा, एवढेच.

हे होत नाही असे म्हणू नका. केरळचा मलप्पुरम जिल्हा घ्या, मुसलमान बहुसंख्य असलेला. शेजारच्या कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या साथीदारांनी दुखणे कमी करण्याचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरममध्ये गावोगावी साध्या माणसांनी ते हातात घेतले. थोडे थोडे पैसे गोळा करायचे, स्वयंसेवकांनी शिकून घ्यायचे आणि नर्सबरोबर रुग्णाच्या घरी जायचे. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केले. आणि केरळ लांब वाटत असेल तर आपला वर्धा जिल्हा पाहा. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी १९८० च्या आसपास खेड्यांतून आरोग्य विमा उभा केला तो ज्वारीवर. सुगीला ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात कस्तुरबा रुग्णालयाचा आधार घ्यायचा. आपल्याच मातीतली ही गोष्ट आपल्या मशिदीच्या ओट्यावर कधी निघाली नाही.

शाबानच्या महिन्यात आम्ही जमातीला एक अर्ज दिला आहे. मशिदीच्या दाराशी इलाजासाठी वेगळा डबा ठेवावा. चार बाया आणि चार तरुण सेवाग्रामला पाठवून जखम बांधणे, कूस बदलणे शिकवून आणावे. वर्षातून एका जुम्म्याला बाईच्या आजाराबद्दल आणि मॉर्फिनबद्दल साफ बोलावे. अर्जावर पहिली सही वहिनीची आहे. एका सदस्याने त्यावरच हरकत घेतली, की बाईची सही आधी कशी. मीटिंग तिथेच उठली. रमजान गेला, ईद गेली. अर्ज परत घेतलेला नाही, आणि सह्यांचा क्रमही बदललेला नाही.