गाडीची उंची आणि रस्त्याची पत

पावसाळा सरत आला की भिवंडीतील कमानपाट्यांच्या कारागिरांकडे मालवाहू पिकअप गाड्यांची रीघ लागते. कोणाचा पाटा तुटलेला असतो, कोणाचा बसलेला असतो. पण कित्येकांची मागणी दुरुस्तीपुरती नसते. गाडी दोन-तीन इंच उचलून हवी असते. या कामासाठी तयार संचही आता बाजारात मिळतात. हौशी तरुण आपली गाडी उंच करतात ती ऐटीसाठी; भिवंडीतील पिकअप उंच होते ती पोटासाठी. त्यामुळे हा प्रश्न केवळ शौकाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. जी गाडी आठवड्यातून एकदा डोंगरात न्यायची आहे तिचा विचार वेगळा, आणि जी रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत माल वाहणार आहे तिचा विचार वेगळा.

भिवंडीचे सारे अर्थकारणच चाकांवर उभे आहे. येथे यंत्रमागांवर विणलेल्या कापडाचे तागे मुंबईच्या बाजारात जातात आणि सुताची पोती कारखान्याच्या दारी येतात. मुंबईत जकात होती तोवर तिच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना सोयीचे पडे. माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत गोदामे वाढली त्याचे हे एक मोठे कारण. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली, नव्हे वाढली. मोठे ट्रक व कंटेनर गोदामापर्यंत माल आणतात. तेथून दुकानापर्यंत, गल्लीबोळांतून तो पोचवण्याचे काम पिकअपकडे येते. खड्ड्यांचा मार या लहान चाकांना अधिक बसतो. अशा वेळी मालकाला गाडी उंच करावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

परंतु उंची वाढवल्याने नेमके काय मिळते, हे पाहिले पाहिजे. पाटे किंवा ठोकळे घालून गाडी उचलली की चासी आणि हौदा वर जातो. मागच्या ॲक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तेथेच राहतो. तो चाकांबरोबर असतो, चासीबरोबर नव्हे. त्याची जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त मोठ्या व्यासाच्या टायरांनी. म्हणजे ज्या भागाला दगड लागण्याची भीती सर्वाधिक, त्याला या खर्चाने काडीचेही संरक्षण मिळत नाही. मिळते ते एवढेच की, खड्ड्यात चाक वर उसळले तर ते हौद्याला घासत नाही आणि चासीचा खालचा भाग आपटत नाही. हा लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे.

दुसरी गल्लत याहून घातक आहे. उंची वाढवणे आणि भार पेलण्याची ताकद वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजात त्या एकाच नावाखाली विकल्या जातात. ॲक्सल आणि पाट्यांच्या गठ्ठ्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवला तर उंची वाढते, पाट्यांचा ताठपणा तेवढाच राहतो. जादा पाटे घातले तर दोन्ही वाढतात. ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. दीडपट जाडीचा एक पाटा मूळ जाडीच्या तीन पाट्यांहून ताठ असतो. अशी गाडी भरलेली असताना डौलात चालते. रिकामी परतताना तिची मागची चाके रस्त्यावरून उड्या मारतात. उडालेले चाक ब्रेक लावून थांबत नाही. रोजच्या धंद्यात गाडीचा परतीचा फेरा पुष्कळदा रिकामाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या ताठपणाची किंमत कळते.

ब्रेकच्या बाबतीत आणखी एक धोका सहसा कोणी सांगत नाही. अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी झडप असते. भार वाढला की चासी खाली बसते. चासी आणि ॲक्सल यांमधील अंतर घटले की झडपेला गाडी भरली आहे हे समजते आणि ती मागच्या चाकांना अधिक दाब देते. पाटे वाढवून हेच अंतर वाढवले, तर भरलेली गाडीही झडपेला रिकामी भासते. ज्या वेळी मागच्या ब्रेकची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी तो कमी मिळतो. झडपेचा दांडा नव्या उंचीला जुळवून घेतल्याखेरीज गाडी गॅरेजबाहेर काढणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

शिवाय गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. कापडाचे तागे हौद्याच्या कठड्यावर रचलेले असतील तर तो आधीच वर गेलेला असतो. वळणावर कलंडण्याचा धोका त्या प्रमाणात वाढतो. मागची बाजू उचलली तर हेडलाइटचा झोत खाली पडतो आणि चालकाला दूरचे दिसत नाही. पुढची बाजू उचलली तर तोच झोत समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा उरत नाही. शाळेत निघालेला शिक्षक, कल्याणची गाडी पकडायला धावणारा कारकून आणि सायकलवरचा विद्यार्थी हे सारे त्यात भागीदार आहेत.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. केरळातील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि जादा भारासाठी वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद केली. पाटा जाड केला म्हणून ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी जाड होत नाहीत, ही साधी गोष्ट या तरतुदींच्या मुळाशी आहे.

अर्थात सारा दोष मालकाच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. गाडीचा हप्ता ठरलेला असतो, भाड्याची घासाघीस चालू असते आणि माल देणारा एकाच फेऱ्यात सारे उरकायला सांगतो. नाही म्हणणाऱ्याच्या मागे दुसरी गाडी उभीच असते. पण येथेच एक दुष्टचक्र सुरू होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रस्ता चाचण्यांतून असे दिसले की, ॲक्सलवरील भारामुळे होणारी रस्त्याची हानी साधारणपणे त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार पावपट वाढला तर हानी पावपट नव्हे, जवळजवळ अडीचपट होते. यात पिकअपचा वाटा किरकोळ, मोठ्या ट्रकांचा फार मोठा. पण पाटे वाढवून जादा माल लादण्याची रीत दोघांची एकच. जादा भाराने रस्ता फुटतो, फुटलेल्या रस्त्यासाठी गाडी उंच आणि ताठ केली जाते, आणि ताठ झालेली गाडी पुन्हा जादा भार उचलते.

मग रोज चालणाऱ्या गाडीच्या मालकाने करावे काय? प्रथम आपला नेहमीचा भार खरोखरीच्या काट्यावर तोलून पाहावा. तो नोंदणीपत्रातील मर्यादेबाहेर जात असेल, तर त्यावर उपाय पाटे नव्हेत. दुसरा फेरा किंवा अधिक क्षमतेची गाडी हाच उपाय. भार मर्यादेत असूनही गाडी खाली बसत असेल, तर पाटे थकले आहेत. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि चांगले शॉकअब्सॉर्बर बसवले की हरवलेली उंची बहुधा परत मिळते. उंच करण्याचे अनेक बेत या एका दुरुस्तीनेच अनावश्यक ठरतील. त्यानंतरही फेरबदल करायचाच असेल, तर तो उत्पादकाने मान्य केलेला आणि परिवहन कार्यालयाला दाखवता येईल असाच असावा. ब्रेकची झडप, ब्रेकच्या नळ्यांची लांबी, यू-बोल्ट आणि हेडलाइट यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी. लाकडी ठोकळा आणि जुन्या पाट्याला मारलेले वेल्डिंग, ही स्वस्ताई मात्र कोणीही पत्करू नये.

राहिला प्रश्न रस्त्याचा. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडी तालुक्यातील आमने येथवर पूर्ण झाला. शेकडो किलोमीटर गुळगुळीत धावलेला माल शेवटच्या काही किलोमीटरांत खड्डे चुकवीत जात असेल, तर नियोजनाचे प्राधान्य चुकले असेच म्हणावे लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि रस्त्याची जबाबदारी कोणाची, या जुन्या टोलवाटोलवीला आळा घातला. नागरिकाने गाडीच्या पाट्यांवर केलेला खर्च हा एका अर्थी रस्त्याने चुकवलेल्या कर्तव्याचा दंडच आहे. तो दंड वर्षानुवर्षे निमूटपणे भरीत राहण्यापेक्षा त्याचा हिशेब मागणे अधिक शहाणपणाचे. गाडी दोन इंच वर उचलणे एकट्याला जमते. रस्ता दोन इंच वर आणायला मात्र गावाने एकत्र यावे लागते.