सात किलोंतला नट्टापट्टा

आमच्या ओझरला पूर्वी विमान म्हणजे मिग. 1964 साली एचएएलचा कारखाना आला, मिगनंतर सुखोई आलं, आणि डोक्यावरून काही गडगडत गेलं तरी निफाड-पिंपळगावकडच्या बाया द्राक्षाच्या घडावरून नजर काढायच्या नाहीत. 2014 मध्ये तिथं प्रवाशांसाठी देखणं टर्मिनल झालं आणि बरीच वर्षं ते बापडं प्रवाशांची वाट बघत बसलं. 2023 मध्ये गोवा, अहमदाबाद, नागपूर अशी विमानं सुरू झाली आणि नाशिककरांना विमानाची सवय लागायला लागली. आता गोव्यातल्या लग्नाचं आमंत्रण आलं की 'गाडी कोणाची काढायची' याच्याआधी 'ओझरहून तिकिटं बघितलीस का' असं विचारतात.

देशातल्या देशात फिरताना पंधरा किलो सामान साधारणपणे तिकिटातच धरलेलं असतं. तरी आमच्या घरातली तरुण मंडळी हातात एक बॅग घेऊन जातात आणि तशीच परत येतात. पट्ट्यापाशी ताटकळायचं नाही, हे एक कारण. दुसरं पैशाचं. 2021 च्या फेब्रुवारीत डीजीसीएनं, सामान न टाकणाऱ्या प्रवाशाला तिकीट स्वस्त द्यायची मुभा विमान कंपन्यांना दिली, आणि 'फक्त केबिन बॅग' अशी वेगळी तिकिटं निघाली. हातातली बॅग सात किलोंची, लांबी-रुंदी-उंची मिळून 115 सेंटिमीटर. त्यातले दोन-अडीच किलो ती चाकांची बॅग स्वतःच खाते. उरलेल्यात येवल्याची एक पैठणी, तिचं परकर-पोलकं आणि दोन जोडी चपला घातल्या की नट्टापट्ट्यासाठी काय उरतं, त्याचा हिशेब बायकाच करू जाणे.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं हा हिशेब आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. फेसवॉश, टोनर, सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, मस्कारा, ओठांना लावायचं पातळ काहीतरी, आणि हे सगळं चेहऱ्यावर धरून ठेवायला एक फवारा. शिवाय हे सगळं काढायला एक पाण्यासारखी बाटली, तिला ती मायसेलर वॉटर म्हणते. लग्न मैत्रिणीचं, हिचं नव्हे. मी तो टेबलभर पसारा बघत होते आणि मला एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे यातलं जवळजवळ सगळं ओलं होतं. बाटली उलटी करून बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं तर पहिलं नाव बहुतेकदा 'ॲक्वा'. म्हणजे आपण पाणी विकत घेतो, पाणी वाहून नेतो आणि जिथं जातो तिथल्या नळाला पुन्हा पाणी असतंच.

या ओल्या पसाऱ्यावर विमानतळानं डोळे वटारले ते 2006 पासून. त्या वर्षी 10 ऑगस्टला लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. अटलांटिक ओलांडणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांत भरलेल्या द्रव स्फोटकांनी उडवायची होती. त्या द्रवाचा मुख्य घटक हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला वापरतात त्याच जातीचं रसायन. पुढचे काही दिवस ब्रिटनमध्ये हातात पारदर्शक पिशवीखेरीज काही नेऊ देईनात. तान्ह्या बाळाचं दूध आईला सुरक्षारक्षकांसमोर चाखून दाखवावं लागे. त्या गोंधळातून त्याच वर्षी शंभर मिलीचा नियम निघाला आणि जगभर पसरला. प्रत्येक बाटली शंभर मिलीपर्यंत, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या एकाच पिशवीत. औषधं आणि बाळाचं खाणं यांना सूट.

आपल्याकडे देशांतर्गत विमानात पाण्याची बाटलीसुद्धा सहसा जाऊ देतात, त्यामुळे गोव्याला जाताना हा नियम फारसा आडवा येत नाही. मुंबईहून परदेशी निघालं की मात्र खरा काच बसतो. यात एक बारकावा आहे, जो शिकली-सवरलेली माणसंही विसरतात. मोजतात ती बाटली, आतला माल नाही. दोनशे मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी बोटभर क्रीम उरलंय, म्हणून ती चालेल, असं नाही. आमच्या एका आत्याबाई सुरक्षा तपासणीच्या टेबलापाशी बराच वेळ वाद घालत होत्या, 'अहो, दाबून बघा, काही नाही त्यात!' रक्षक म्हणाला, 'मावशी, काही नाही ना, मग टाका की.' त्याच्या तर्काला तोड नव्हती.

मग काय करायचं? छोट्या बाटल्यांत भरायचं. विमानतळावरच्या दुकानांत 'प्रवासी संच' म्हणून रिकाम्या बाटल्या मिळतात, त्यांची किंमत बघून हसू येतं. नाशकात मेन रोडला नाहीतर आपापल्या गल्लीत होमिओपॅथीच्या औषधांचं दुकान शोधा. पाच, दहा, तीस मिलीच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या तिथं चिल्लर पैशांत मिळतात. तीस मिलीत आठवड्याचं तेल बसतं. पाच मिलीत फाउंडेशन इतकं बसतं, की लग्न, रिसेप्शन आणि दुसऱ्या दिवशीची पूजा उरकून वर उरतं. दाट क्रीमला कॉन्टॅक्ट लेन्सची जुनी डबी, धुऊन पुसून, डावा-उजवा दोन्ही खण वापरावेत. फक्त बाटली गळ्यापर्यंत भरू नका. विमानाच्या आतला दाब साधारण 2,400 मीटर उंचीवर असतो तितपत राखलेला असतो. आपली कळसूबाई 1,646 मीटरची. म्हणजे तुमचा शाम्पू कळसूबाईच्या डोक्यावर निम्मी कळसूबाई चढवावी इतक्या उंचीवर जाऊन बसतो. बाटलीत अडकलेली हवा तिथं फुगते आणि मिळेल त्या फटीतून माल बाहेर ढकलते. म्हणून मऊ बाटली थोडी रिकामी ठेवून, दाबून हवा काढून झाकण लावायचं, आणि झाकणाखाली प्लास्टिकचा एक तुकडा ताणून बसवायचा. काचेची डबी असेल तर ती पर्समध्ये राहू द्या. एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमान निघालं तर चाकांची बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही, ती दाराशीच काढून घेऊन खालच्या सामानात टाकतात.

शाम्पूपुरतं तर याहून सोपं उत्तर आपल्या किराणा दुकानात माळ करून टांगलेलं आहे. पुडीतला शाम्पू ही दक्षिणेची देणगी. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी हा प्रकार रुजवला, आणि त्यांच्या मुलानं, सी. के. रंगनाथन यांनी, 1983 मध्ये 'चिक' काढून तो खेड्यापाड्यांत पोचवला. ज्याला अख्खी बाटली परवडत नाही त्यानं एका न्हाण्यापुरतं घ्यावं, हा त्यामागचा विचार. चाळीस वर्षांनी तीच पुडी फ्रँकफर्टच्या विमानात बसणाऱ्या इंजिनिअर मुलीच्या कामाला येते. तिला बाटली परवडते, पण नेता येत नाही. मी स्वतः पुड्या नेते, पण त्यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन बघा. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, दगडांच्या सांध्यांत, फाडलेल्या पुड्यांचे चमकदार कोपरे अडकलेले असतात. प्लास्टिक आणि चमकीचे थर एकमेकांना असे चिकटवलेले, की भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. प्रवासात वापरलेली पुडी निदान खोलीतल्या कचरापेटीत जाते, एवढंच समाधान.

खरं म्हणजे सात किलोंत आणि शंभर मिलीत चपखल बसणारी पेटी आपल्याकडे विमानाच्या आधीपासून होती. माझ्या आजीची फणेरपेटी अजून माझ्या कपाटात आहे. शिसवी, वहीएवढी, झाकणाच्या आत आरसा. झाकण तिरकं उभं राहिलं की आरसा चेहऱ्यासमोर येतो. आत खण. एकात लाकडी फणी आणि कंगवा, एकात आगवळ, एकात कुंकवाचा पितळी करंडा, त्याच्या शेजारी मेणाची डबी आणि अगदी कोपऱ्यात काजळाची. आजी अनामिकेनं कपाळावर मेणाचा बारीक ठिपका द्यायची, तो बोटानं फिरवून गोल करायची, मग त्यावर कुंकू दाबायची आणि कडेला सांडलेलं कापसानं टिपायची. वैशाखातल्या लग्नात चुलीपाशी दिवसभर बसूनही ते ओघळत नसे. भाचीला हे दाखवलं तर ती म्हणाली, 'मावशी, हे तर प्रायमर आणि वर पिगमेंट!' बरोबरच होतं तिचं. फरक इतकाच, की आजीच्या प्रायमरला पाणी लागत नव्हतं आणि डबी वर्षभर पुरत होती.

दात घासायला मंजन, अंगाला उटणं, केसांना शिकेकाई, चेहऱ्याला मुलतानी माती, दाढीनंतर पुरुषांना तुरटीचा खडा. त्या काळचं न्हाणीघर असं बव्हंशी कोरडं होतं. तेल सोडलं तर सांडण्यासारखं फारसं काही नव्हतं. एस.टी.च्या टपावर ट्रंक टाकून सुट्टीला जाणाऱ्या बायकांना गळतीची चिंता करावी लागत नसे. तुरटीचा खडा तर मी आजही नेते. ओला करून काखेत फिरवला की घामाचा वास दिवसभर थोपतो. ना फवारा, ना मिली. काजळ मात्र तुपात कालवलेलं, म्हणजे नियमाच्या लेखी ती पेस्टच झाली. पण बोटाच्या पेराएवढ्या डबीवर आक्षेप घेणारा रक्षक अजून भेटलेला नाही.

म्हणून उद्या सगळ्यांनी शिकेकाई बांधून गोव्याला जावं, असं माझं म्हणणं नाही. हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलावर शिकेकाईचे तपकिरी ओघळ, मोरीत अडकलेला चोथा, आणि केसांतून ती निघेपर्यंत बाहेर वरात निघालेली. त्या न्हाण्यासाठी बंब लागायचा, रविवार लागायचा आणि पाठ चोळायला मोठी बहीण लागायची. आता शाम्पूची वडी मिळते, साबणासारखी. ती कोरडी करून कागदात गुंडाळावी, प्रश्न मिटला. मंजनाच्या चपट्या डब्या अजून दुकानात आहेत, आणि दात घासायच्या गोळ्याही निघाल्यात. लिपस्टिक कांडीची घ्या, पातळ नको. सेंटच्या जड काचेऐवजी जुन्या नाशकातून अत्तराचा फाया घेतला तर तो कानाच्या पाळीमागे बसूनच सुरक्षा तपासणी ओलांडतो. मोगलांच्या वेळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या गावात राहून आपण परगावच्या दुकानातून गुलाबाचा फवारा आणावा, हे मला तरी पटत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी कोरड्यावरही फार विसंबू नये. 30 जून 2018 पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत साधारण 350 मिलीच्या वर पूड हातसामानात असली, की ती वेगळी तपासतात, आणि समाधान झालं नाही तर ठेवून घेतात. दिवाळीत मुलाकडे निघालेल्या आईनं उटण्याचा मोठा पुडा, गोडा मसाला आणि मेतकूट हे सगळं खालच्या बॅगेतच टाकावं. उलट ब्रिटनमध्ये आता वारं फिरलंय. नवी स्कॅनर यंत्रं बसल्यावर 2025 मध्ये एडिंबरो आणि बर्मिंगहॅमनं दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या नेऊ दिल्या. पण परतीच्या वाटेवर दुसऱ्या विमानतळावर जुनंच यंत्र असेल तर तिथं पुन्हा शंभर. म्हणून सवय शंभरचीच ठेवलेली बरी.

आणि नवरे. बायकांच्या पाउचवरून सगळ्यात जास्त विनोद करणारी ही जमात निघायच्या आदल्या रात्री 'तुझ्याकडे जरा जागा आहे का गं' म्हणत येते. दाढीचा फेस, आफ्टरशेव्ह, केसांचं जेल, गुडघ्याला चोळायचं तेल. एक लिटरची पिशवी माणशी एक असते, जोडप्याला एक नव्हे. त्यांच्या वाट्याची पिशवी त्यांच्याच हाती द्यावी. आमच्याकडे ती दिल्यावर फेसाचा डबा घरी राहिला आणि साबणाची वडी गेली. दाढी तशीच झाली.

राहता राहिलं गंगेचं पाणी. परदेशातून आलेला नाशिकचा माणूस परत जाताना तांब्याच्या गडूतलं तीर्थ मागतोच, आणि 2026-27 च्या सिंहस्थात तर देशोदेशीचे लोक मागतील. झाकण झाळून बंद केलेल्या गडूत काय आहे ते यंत्राला नीट दिसत नाही आणि उघडून दाखवायची सोय नसते. सीरम आणि तीर्थ यांत नियम भेद करत नाही. गडू न्यायचा असेल तर बॅग खाली टाकण्याचे पैसे भरावेत. किंवा रामकुंडावर जाऊन होमिओपॅथीच्या तीस मिलीच्या बाटलीत भरून घ्यावं. आमच्या जाऊबाईंनी तसंच केलं, बाटलीवर मराठीत 'गंगा' लिहून ती फेसवॉशशेजारी ठेवली, आणि दुबईपर्यंत कोणी काही विचारलं नाही.