खाडीचा चिखल राहू द्या



तुम्ही म्हणाल, कळमनुरीत समुद्र नाही, मग खाडीचं कशाला? उन्हाळ्यात मी मामांकडे ठाण्याला गेलो होतो. तिथली खाडी म्हणजे नुसता काळा चिखल, आणि त्यात मुळं वर काढून उभी असलेली खारफुटी. मी म्हणालो, "मामा, हा गाळ वावरात का टाकत नाहीत?" आपल्याकडे तलावाचा टाकतात ना, तसा. मामा खूप हसले.

मग त्यांनी समजावलं. झाडे हवेतला कर्बवायू घेतात. त्यांची पानं-मुळं चिखलात पुरली जातात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून ती लवकर कुजत नाहीत आणि कर्ब शेकडो वर्षे तिथेच राहतो. समुद्रातलं गवतही हेच करतं. चिखल उपसला की तो वायू पुन्हा हवेत! हवा तापली की पाऊस बिघडतो, आणि आपलं सोयाबीन तर पावसावरच.

ठाणे खाडी २०२२ साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली, हे फार चांगलं झालं. माझ्या मते, भरतीच्या जागेला कोणी पडीक म्हणूच नये.

आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "खारा गाळ कोण नेतंय वावरात? पिकंल का काही!"

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी