फिरण्याचा हक्क आणि आपली मुले

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की साहसी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. गिर्यारोहण, दोरावरून दरी ओलांडणे, जंगलातला मुक्काम. या शिबिरांत आपल्या वस्तीतली मुले किती असतात, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सुखवस्तू घरातला मुलगा डोंगर चढला की ते साहस ठरते. ऊसतोड मजुराची मुलगी पहाटेच्या थंडीत बैलगाडीवर बसून परमुलखातल्या फडावर जाते, सफाई कामगार गटारात उतरतो, त्याला मात्र साहस म्हणत नाहीत. कारण साहस म्हणजे स्वतःच्या मर्जीने पत्करलेली जोखीम. आपल्या समाजाच्या वाट्याला जोखीम पिढ्यान्‌पिढ्या आली, पण मर्जी आली नाही. खरा प्रश्न या मर्जीचा आहे.

निव्वळ पाहण्यासाठी, आनंदासाठी प्रवास करणे हीसुद्धा आपल्यासाठी लढाई होती. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. सगळे नाशिकला जमले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर प्रवासाची धूळ झटकून त्यांनी हातपाय धुतले आणि लगेच हौद बाटल्याची ओरड झाली. जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला, तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला! परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरची ही सहल. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात ती स्वतः नोंदवून ठेवली आहे. कोपरगावहून वैजापूरमार्गे दौलताबाद फार लांब नाही. प्रत्येक पालकाने आपल्या मुलांना तेथे न्यावे आणि हा प्रसंग सांगून मग किल्ला चढावा.

याच माणसाच्या नेतृत्वाखाली पुढे राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. कलम 15(2) वाचा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, असे ते सांगते. कलम 19 देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य देते. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की न वापरलेला हक्क हळूहळू कागदावरच राहतो. किल्ला, नदी, डोंगर, लेणी ही सगळी आपलीही आहेत, हे तेथे पाऊल ठेवूनच सिद्ध करावे लागते.

भ्रमण आपल्या परंपरेला परके नाही. तथागतांनी पहिल्या साठ अर्हत भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारिकेला पाठवले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. म्हणजे एकट्याने, अनोळखी मुलखात. नाशिकची त्रिरश्मी लेणी, कार्ले, भाजे, जुन्नरची लेणी ही सह्याद्रीच्या कड्यांत उगाच कोरलेली नाहीत. ती व्यापारी मार्गांच्या आसऱ्याने उभी राहिली. भिक्खू, व्यापारी आणि कारागीर घाट ओलांडून तेथे येत होते. ज्यांच्या धम्माचा वारसा डोंगरात आहे, त्यांच्या मुलांना डोंगर अनोळखी असावा काय?

काही बांधव म्हणतील, ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आधी शिक्षण, नोकरी, मग डोंगर. शिक्षण पहिले, याविषयी दुमत नाही. परंतु 25 मे 2014 रोजी तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांची दोन मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मालावत पूर्णा ही तेरा वर्षांची आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा. दोघेही गरीब घरचे. चार वर्षांनी, मे 2018 मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तोच माथा गाठला. शासनाने प्रशिक्षण दिले, मुलांनी करून दाखवले. कमतरता मुलांत नव्हती, संधीत होती.

धैर्य भाषणाने येत नाही, सवयीने येते. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात फिर्यादी खरा असतो, साक्षीदार खरा असतो. तरी कोर्टाच्या व्हरांड्यात समोरची माणसे दिसली की पाय लटपटतात. गावात राहायचे आहे, ही भीती खोटी नसते. डोंगर चढून ती भीती संपेल असा भाबडा दावा मी करत नाही. पण जिने शिडीवर उभे राहून खाली दरी पाहिली आणि तरी पुढची पायरी चढली, तिला आपल्या भीतीची ओळख झालेली असते. ती ओळख पुढे आयुष्यभर कामी येते.

म्हणून कोपरगावातील कार्यकर्त्यांपुढे साध्या सूचना ठेवतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च कमी करून काही रक्कम बाजूला काढा. कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गावी जावे आणि तेथून लोखंडी शिड्यांच्या वाटेने वर चढावे. जाणकार वाटाड्या आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत हवीच. दुसरे, मुलामुलींना पोहायला शिकवा. गोदावरी आपल्या गावातून वाहते, तिचे दोन्ही कालवे तालुक्यातून जातात, आणि कालव्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्या समाजाने चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्याच्या मुलांना पाण्यात तरता येऊ नये? तिसरे, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळांत गिर्यारोहण आणि पोहणे नियमित शिकवावे, अशी लेखी मागणी समाजकल्याण खात्याकडे करा आणि तिचा पाठपुरावा करा.

आणि मुलींना घरी ठेवू नका. समृद्धी महामार्गावर मोटारसायकल भरधाव सोडणे किंवा रीलसाठी पुलावरून उडी मारणे हे साहस नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. साहसाला शिस्त लागते, तयारी लागते, सोबत्याची काळजी लागते. आपल्या चळवळीलाही नेमके हेच लागते.

दौलताबादला बाबासाहेबांमागे शिपाई चालत होता. आज आपल्या मुलांमागे कुणी शिपाई नाही. मग त्यांना उंबरठ्यावर थांबवणारे आपण कोण?

जयभीम!