रात्री काय करायचे, ते रविवारीच ठरवा

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की बी.पी., शुगर, गुडघेदुखी असे विषय होतात आणि उठता उठता एखादी तरुण आई म्हणते, "सिस्टर, पोरगं रात्री जेवतच नाही." मग बाकीच्याही बोलू लागतात. कुणाच्या मुलाला वरण-भाताशिवाय काही चालत नाही. कुणाची मुलगी भाजीतली कोथिंबीरसुद्धा वेचून बाजूला काढते. कुणी दोन घास खाऊन उठते आणि नऊ वाजता नूडल्स मागते. सगळ्यांचा शेवट एकच: टॉनिक सांगा, पावडर सांगा.

माझे मत स्पष्ट आहे. यातल्या बहुतेक मुलांना टॉनिक नको, पावडरही नको. त्यांना हवे आहे ते आठवड्याचे ठरलेले, बदलते, घरातल्या सगळ्यांसाठी एकच शिजलेले रात्रीचे जेवण. आणि ते ठरवण्याचे काम एकट्या आईचे नाही.

आधी विषय किती गंभीर आहे ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. देशाचा आकडा ६७ च्या आसपास आहे. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, चिडचिड करते, अभ्यासात मागे पडते. त्याची भूकही मंदावते. म्हणजे खात नाही म्हणून रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणून खात नाही. हे चक्र घरात तोडायचे तर त्याची मुख्य जागा रात्रीचे ताट आहे, कारण सगळे घर एकत्र असते ते त्याच वेळी.

आता मूल असे का वागते? जन्मताना तीन किलोचे बाळ वर्षभरात नऊ किलोचे होते. पुढे दोन ते पाच या वयात वजन वर्षाला साधारण दोनच किलोने वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्यात दोन ते सहा वर्षे हा नव्या पदार्थाला 'नाही' म्हणण्याचा काळ असतो. तो हट्ट नव्हे, वाढीचा टप्पा आहे. नवा पदार्थ आठ, दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो खाऊ लागते. आपण दोनदा देतो आणि "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

ताट वाढतानाही चुकते. तीन वर्षांच्या मुलासाठी सोपा हिशेब असा: वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. म्हणजे तीन चमचे भात, तीन चमचे डाळ, तीन चमचे भाजी. एवढे संपले तर ते मूल जेवले. आपण मोठ्या माणसाचे ताट वाढतो आणि अर्धे उरले की रडतो. आधी थोडे वाढा, मागितले तर पुन्हा द्या.

दुसरी अडचण संध्याकाळी पाच-सहाला सुरू होते. चहात बुडवलेले बिस्कीट, कोपऱ्यावरच्या दुकानातले पाच रुपयांचे पाकीट. त्याने मुलाचे पोट भरते, पोषण होत नाही. शिवाय चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. लहान मुलाला चहा देऊच नये. हिशेब करा: दोन मुलांना रोज एकेक पाकीट म्हणजे दिवसाला १० रुपये, महिन्याला ३००. अंडे साडेसात रुपयांना धरले तर तेवढ्यात ४० अंडी येतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. संध्याकाळी भूक लागली तर केळे, शेंगदाण्याचा लाडू, मुरमुरे आणि भाजलेले डाळे द्या. मात्र चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा चणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. त्यानंतर दोन तास पाण्याशिवाय काही नको. मग आठ वाजता भूक आपोआप लागते.

डब्यातल्या पावडरींचेही तेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्यांपैकी बऱ्याच डब्यांत साखर भरपूर असते. तेवढे पैसे डाळीवर आणि अंड्यांवर घाला.

आता मूळ मुद्दा: आठवड्याचे नियोजन. रविवारी दहा मिनिटे बसा आणि वहीच्या कागदावर सात रात्री लिहून काढा. नमुना देते, आपापल्या भागाप्रमाणे बदला.

सोमवार: मुगाच्या डाळीची खिचडी, त्यात किसलेले गाजर आणि चिरलेला पालक, सोबत ताक.
मंगळवार: ज्वारीची भाकरी, मेथी किंवा तांदुळजाची भाजी, पातळ डाळ. लहानाला भाकरी डाळीत कुस्करून.
बुधवार: अंड्याची पोळी किंवा भुर्जी आणि चपाती.
गुरुवार: मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भात, वर लिंबू. लिंबामुळे लोह चांगले शोषले जाते.
शुक्रवार: ज्वारी, बेसन, कांदा, कोथिंबीर घालून थालीपीठ किंवा धिरडे, सोबत दही.
शनिवार: सुकट किंवा जवळा आणि बाजरीची किंवा नाचणीची भाकरी. सुकट दोन-तीन पाण्यांतून धुवा, खारटपणा कमी होतो.
रविवार: चिकन किंवा मटण, आणि त्यातली मऊ कलेजी मुलांना. जे खात नाहीत त्यांच्याकडे सोयाबीन वडी किंवा छोले.

यात महागडे काही नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बाजरीत लोह आहे. कलेजीत लोह आणि अ जीवनसत्त्व दोन्ही आहेत.

चोखंदळ मुलासाठी तीन नियम पाळा. पहिला, रोजच्या ताटात त्याच्या ओळखीचा एक पदार्थ असू द्या: थोडा भात, अर्धी चपाती, दही. नवा पदार्थ त्याच्या शेजारी, एकच चमचा. दुसरा, मुलासाठी वेगळी भाजी करू नका. तिखट घालण्याआधी त्याचा वाटा काढून ठेवा, एवढे पुरे. दिवसभर धुणीभांडी, कंपनी किंवा दवाखान्यातली ड्युटी करून आलेल्या बाईने तीन जणांसाठी तीन प्रकार शिजवायचे, हे चालायचे नाही. तिसरा, मारून, भीती घालून किंवा मोबाइल समोर धरून भरवू नका. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सोपी करून ठेवली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने ठरवावे. एका रात्री मूल कमी जेवले तर काही बिघडत नाही. सकाळी ते पोटभर न्याहारी करते. पण ताटावरून उठल्यावर लगेच बिस्कीट दिले, तर ते दुसऱ्या दिवसापासून बिस्किटाचीच वाट पाहते.

आता थोडे कडू बोलते. आपल्याकडे चोखंदळ म्हणतात तो बहुतेक वेळा मुलगा असतो. तो जेवला नाही तर आजी मागे धावते, आई अंडे फोडते. त्याच वयाची मुलगी जेवली नाही तर "हिचे नखरे" आणि तिच्यापुढे राहील ते. पुढे तीच मुलगी 'समंजस' होते, म्हणजे उरलेले खायला शिकते. मग अकरावीत तिचे हिमोग्लोबिन आठ निघते आणि आपण विचारतो, असे कसे झाले? अंडे दोघांना सारखे. तुकडा दोघांना सारखा. याची सुरुवात तीन वर्षांच्या वयापासून करा.

आणि एक मुद्दा आपल्या घरांचाच आहे. पाच-सहा वर्षांचे मूल अचानक म्हणते, "सुकट नको, वास येतो." काल तर ते आवडीने खात होते. हा नकार जिभेचा नसतो, शाळेतून किंवा शेजारातून आलेला असतो. कुणीतरी डब्याकडे पाहून नाक दाबलेले असते. कधी नव्या कॉलनीत राहायला गेलेले आपणच म्हणतो, "आता हे करायचे नाही." शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचे अन्न लिहून ठेवले, ते एरवी कोणत्या पाककृतींच्या पुस्तकात सापडते? गरिबीने आपल्या आज्यांना जे शिजवायला लावले, त्यातले सगळेच जपण्यासारखे नाही. पण सुकट, रानभाजी, कलेजी, भाकरी हे उत्तम अन्न आहे. मुलापुढे ते मान ताठ ठेवून वाढा आणि स्वतः त्याच्याबरोबर बसून खा. आईबाप जे खाताना दिसतात तेच मूल पुढे खाते.

शासनाचेही काम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून पाहावे असे सांगितले. दुपारचे अंडे गेले की त्याचा भार गरिबाच्या रात्रीच्या ताटावर येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे बसा, अंड्याचा विषय काढा, ठराव लिहून घ्या.

डॉक्टरकडे कधी जायचे तेही सांगते. दोन-तीन महिन्यांत वजन वाढलेच नाही, मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसतात, वारंवार उलटी-जुलाब होतात, घास गिळताना ठसका लागतो, तर थांबू नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. जंताची गोळी वेळेवर द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध आशाताईंकडून मोफत मिळते, ते मागून घ्या.

बाकी काम स्वयंपाकघरातले आहे आणि ते वाटून घ्यायचे आहे. शनिवारी अंडी, भाजी आणि सुकट आणणे बाबांनी करावे. बुधवारी सकाळी मटकी भिजत घालणे आणि रात्री फडक्यात बांधणे आजीने किंवा मोठ्या मुलाने करावे. चार वर्षांचे मूलसुद्धा मेथी निवडू शकते, आणि स्वतः निवडलेली भाजी एक घास का होईना चाखून पाहते. येत्या रविवारी तो कागद लिहा आणि फळीवर चिकटवा. महिनाभर पाळा. मग बैठकीत सांगा, कोणत्या रात्री ताट रिकामे झाले आणि कोणत्या रात्री नाही. पुढचा कागद त्यावरून करू.