अठरा तास आणि चाळीस मिनिटं

एप्रिल आला की आपल्याकडे 'अठरा तास अभ्यास' उपक्रमाच्या सूचना लागतात. सकाळी सहाला ग्रंथालयात बसायचं, रात्री बाराला उठायचं. बाबासाहेबांना हे आपलं अभिवादन. विद्यार्थी असताना मी सलग तीन वर्षं बसलो. शेवटच्या दोन तासांत अक्षरं दिसेनाशी व्हायची, पण शेजारचा उठत नाही म्हणून आपणही उठायचं नाही. त्या दिवसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

तरी एक गोष्ट कबूल करतो. त्याच काळात मला कथा-कादंबरी लिहायची होती. आणि वर्षातून एक दिवस अठरा तास वाचत बसणारा मी, उरलेल्या दिवसांत लिहायला म्हणून अठरा मिनिटंही बसत नव्हतो.

पुढे बँकेत नोकरी लागली, पोस्टिंग छत्तीसगडला मिळालं. दर 1 जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर लिहायचो : यंदा कादंबरी पूर्ण. असे चार जानेवारी गेले. चार वर्षांत अकरा पानं झाली, तीही सगळी पहिल्या प्रकरणाची. मार्चमध्ये क्लोजिंग, मग ऑडिट, मग गावाकडचं लग्न, मग कुणाचं तरी दवाखान्याचं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, म्हणून स्वतःला खोटारडाही म्हणता येत नव्हतं.

आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये अशी अकरा पानं पडून आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझी पहिली चूक ध्येयातच होती. 'कादंबरी पूर्ण', 'पुरस्कार', 'अमुक प्रकाशनाकडून पुस्तक' ही सगळी अशी ध्येयं होती की त्यांच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात. प्रकाशक हो म्हणेल का, परीक्षक कोण असतील, आडनाव वाचून कोण काय ठरवेल, यातलं काहीच माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते आज खुर्चीवर बसणं. म्हणून आता माझं ध्येय एका ओळीचं आहे : आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला चाळीस मिनिटं, साधारण तीनशे शब्द.

हिशेब करून बघा. दिवसाला 300 शब्द, आठवड्याला 1500. वर्षातले 50 आठवडे धरले तर 75,000 शब्द. एवढ्यात बऱ्यापैकी मोठी कादंबरी बसते. 3000 शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा दोन आठवड्यांत होतो. हा हिशेब मी आधीच्या चार वर्षांत एकदाही केला नव्हता. दिवसभर लोकांच्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणारा माणूस मी!

शिस्त, सवय, उत्पादकता हे शब्द आले की आपल्यातले काही जण बिचकतात. ही कॉर्पोरेट भाषा आहे, आपली नाही, असं म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. मग आईबापाकडे पाहिलं. दोघं ऊस तोडायला जायचे. मुकादमाकडून उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहायचं आणि अंधारात उठून फडात जायचं. मजुरी टनावर. रात्री-अपरात्री गाडी आली तरी मोळ्या भरायच्या. आजारपणानं एक दिवस चुकला तर त्याचा खाडा, आणि खाड्याचे पैसे वर कापले जायचे. शिस्त आमच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे. फक्त तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत असायचा आणि तिचा नफा कारखान्याला जायचा. लिहिण्याचे चाळीस मिनिटं ही आमच्या घरातली पहिली अशी शिस्त आहे, जिची वही माझ्याकडे आहे. म्हणून मी ती मन लावून पाळतो.

माझ्या वहीत खाडा मांडतो, पण दंड लावत नाही. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी सहाशे शब्द लिहून भरपाई करायची नाही, तीनशेच लिहायचे. भरपाईच्या नादात मी पूर्वी सगळंच सोडून द्यायचो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. साहित्य म्हणजे प्रतिभा, आणि प्रतिभा जन्मजात, देवीचा वरदहस्त डोक्यावर असल्याशिवाय ती येत नाही, हे आपल्याला शाळेपासून ऐकवलं जातं. जरा थांबून पाहा, हा विचार कुठून येतो. गुण जन्मानं ठरतात हे जातीचंच तत्त्वज्ञान आहे. ज्याला मिळालं त्याला मिळालं, तुम्ही कितीही घासलं तरी येणार नाही. याच्या उलट, लिहिणं हे सरावानं येणारं काम आहे, रोज केलं तर हात बसतो, असं मानणं ही मला जातविरोधी भूमिका वाटते. सवयीवर विश्वास ठेवला की जन्म आपोआप मागे पडतो.

आपल्याबाबतीत त्यात आणखी एक गंमत होते. आपण लिहितो म्हटलं की समोरचा कौतुकानं म्हणतो, 'तुमचं आयुष्यच कादंबरी आहे, तेच लिहा.' त्याला आपल्याकडून साक्ष हवी असते, आणि साक्षीला कसब लागत नाही असा त्याचा समज असतो. आत्मकथनांचं ऋण मी नाकारत नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं आणि त्यानं आपल्याला आवाज दिला. ते लिहायलाही कसब लागलंच. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1963 साली, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला होता. बागुल माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये वाढले, रेल्वेत नोकरी केली. त्यांच्या कथेतली पात्रं म्हणजे बागुल नव्हेत. ती रचलेली माणसं आहेत. आणि माणूस रचायचा तर एका बैठकीत जमत नाही. पुन्हा पुन्हा तिथे जावं लागतं. अण्णा भाऊ साठ्यांनी तर घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि 1969 साली पन्नाशीच्या आतच ते गेले. त्याला नुसती दुःखाची उकळी म्हणणं हा त्यांच्या कामाचा अपमान आहे. रोज बसल्याशिवाय एवढं लिहून होत नाही.

अमेरिकेतल्या ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेबद्दल वाचलं तेव्हा मला आपल्याच वस्तीतली बाई भेटल्यासारखं झालं. वडील बूट पॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची. बटलर यांनी भांडी घासण्यापासून फोनवरून माल विकण्यापर्यंत, बटाट्याचे चिप्स तपासण्यापर्यंत मिळतील ती कामं केली आणि पहाटे दोनला उठून लिहिलं. 1979 साली त्यांची 'किंड्रेड' ही कादंबरी आली, 1995 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. नवोदितांसाठी लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्या सांगतात की प्रेरणेची वाट पाहू नका, सवय जास्त भरवशाची असते. त्यांच्या वह्या कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या 1988 च्या एका पानावर त्यांनी स्वतःच्या पुस्तकांसाठी, घरासाठी, गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठी मोठमोठी स्वप्नं लिहिली आहेत. म्हणजे मोठं स्वप्न पाहायला हरकत नाही. पण ते लिहिणारी बाई त्याआधी अनेक वर्षं न चुकता टेबलाशी बसत आली होती.

मात्र पहाटे दोनला उठण्याची नक्कल करू नका. ती तिची मजबुरी होती. आपल्याकडे कष्टाचं कौतुक फार होतं आणि शरीराचा विचार होत नाही. झोप मोडून केलेलं लेखन मी तीन महिने करून पाहिलं. शेवटी कॅशच्या खिडकीत बसल्या बसल्या डुलक्या येऊ लागल्या आणि लेखनही बंद पडलं.

बंगालचे मनोरंजन ब्यापारी तुरुंगात अक्षरं शिकले, कलकत्त्यात रिक्षा ओढली. रिक्षात बसलेल्या बाईंना त्यांनी एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला आणि त्या महाश्वेतादेवी निघाल्या, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. महाश्वेतादेवींची ती भेट योगायोगानं झाली. त्यानंतर मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाकी म्हणून राबत त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. योगायोगानं दार उघडलं असेल, पुस्तकं झाली ती त्या वर्षांमुळे.

आता माझी पद्धत सांगतो. ती तुम्हाला जमेलच असं नाही. रोज उठताना पुढच्या दिवशीचं पहिलं वाक्य अर्धवट लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही. पहिला खर्डा चालू असताना मागचं दुरुस्त करत नाही; माझी ती अकरा पानं याच दुरुस्तीत अडकली होती. तिसरी सवय भाषेची. दिवसभर हिंदीत बोलून माझी मराठी पुस्तकी व्हायला लागली होती. म्हणून रविवारी मायशी फोनवर बोलताना वही उघडी ठेवतो. वाढं, कासरा, पाचुंदा असे शब्द ती बोलण्याच्या ओघात टाकते, मी टिपतो. एकदा ती म्हणाली, 'काय लिव्हतूस रं एवढं, मी काय मरायलेय का?' आम्ही दोघंही हसलो.

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. आधी मी रात्री नऊ ते नऊ चाळीस लिहायचो, फोन स्वयंपाकघरात ठेवून. भाच्याच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता. ताई त्याला घेऊन तालुक्याच्या नेट कॅफेत बसली होती आणि अर्जावर नंबर माझा होता. ओटीपी माझ्या फोनवर आला. मी तो पाहिला तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते आणि कॅफे बंद झाला होता. त्या दोघांनी कॅफेवाल्याच्या घरी जाऊन, हातापाया पडून दुकान उघडायला लावलं. अर्ज रात्री साडेअकराला गेला. ताई म्हणाली, 'तुझ्या गोष्टीपायी पोराचं वर्ष गेलं असतं.' पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

घरातला, कधी कधी अख्ख्या गल्लीतला, आपण एकटाच पदवीधर असतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, बँकेचं केवायसी, सगळ्यांसाठी फोन आपल्यालाच. हा वेळ समाजाचा आहे, आणि कथा लिहायला घेतलेला वेळ आपण समाजाकडून चोरला, असं वाटत राहतं. त्या रात्रीनंतर मी महिनाभर लिहिलं नाही. मग दोन गोष्टी केल्या. लेखन पहाटे पाच चाळीसवर नेलं, जेव्हा कुठलंच ऑफिस उघडं नसतं, आणि रात्री दहाला झोपायला लागलो. दुसरं म्हणजे भाच्याला त्याच्या स्वतःच्या नंबरवर अर्ज भरायला शिकवलं. आता तो गल्लीतल्या पोरांचे अर्ज भरतो. माझी अपराधी भावना पूर्ण गेली का? नाही. पण एकाच माणसावर सगळं अवलंबून ठेवणं ही समाजसेवा नव्हती, एवढं कळलं.

हे सगळं मी पुरुष म्हणून सांगतो आहे, याचंही भान ठेवायला हवं. पहाटे मी लिहीत असताना माझ्या घरात चहा कुणी तरी करतं. उर्मिला पवारांनी सरकारी नोकरी, घर, मुलं आणि लग्नानंतरचं एम.ए. हे सगळं सांभाळून कथा लिहिल्या. 1988 साली 'सहावं बोट' आलं, 2003 साली 'आयदान'. त्यांना चाळीस मिनिटांसाठी काय किंमत मोजावी लागली ते 'आयदान'मध्ये वाचायला मिळतं. म्हणून आमच्या घरी आता शनिवार-रविवारची सकाळ बायकोची. ती चित्रं काढते. पोहे आणि पोरगी माझ्याकडे. लेखनाची सवय लावायची असेल तर घरातल्या कामाची वाटणी हा तिचाच भाग आहे.

माझी कादंबरी अजून पूर्ण झालेली नाही. दुसरा खर्डा चालू आहे, दोनशे दहाव्या पानावर आहे. छापली जाईल का, कोण छापेल, माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे अशी अर्धवट पानं असतील तर दोघं-तिघं मिळून एक गट करा. दर रविवारी एकमेकांना फक्त आकडा कळवा : या आठवड्यात किती दिवस बसलो, किती खाडे. मजकूर दाखवायची सक्ती नको. आमच्या गटात चौघं आहेत, एक भोपाळला, एक पुण्यात, एक नांदेडला आणि मी. मागच्या आठवड्यात माझे दोन खाडे होते. उद्या पाच चाळीसला बसतो आहे.

जय भीम.